जर-तरवर आमचाही हक्क आहे

मागल्या उन्हाळ्यात पणदऱ्यात एका घराच्या पडवीत आम्ही काही लिहिणारे जमलो होतो. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने कथा वाचली. तिच्या कथेत इब्राहिमखान गारदी पानिपतावर मरत नाही. जखमी अवस्थेत तो दक्षिणेत परततो, नीरेच्या काठी येऊन राहतो, उरलेल्या तोफा वितळवून हंडे-घागरी ओतणारा कारखाना काढतो आणि गावातल्या पोरांना धातूकाम शिकवतो. कथा तिथेच संपते.

कथा संपल्यावर तीन प्रतिक्रिया आल्या. एक चाचा म्हणाले, "बेटा, जे घडलंच नाही ते लिहून काय करायचं?" दुसरे म्हणाले, "जर म्हणू नये. जर म्हटलं की सैतानाला दार उघडतं." तिसऱ्यांचा संपादकांकडे राबता होता. ते म्हणाले, "हे कोण छापणार? तुझ्या घरातलं लिही. तलाकचं लिही, दंग्याचं लिही." मुलीने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हे लिहीत आहोत.

पहिला आक्षेप घेऊ. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' असे म्हणून आपण जर-तरची थट्टा करतो. पण मराठी साहित्य या थट्टेला कधीच बधलेले नाही. पणदऱ्याहून बारामती ती किती दूर? त्या बारामतीत अठराव्या शतकात मोरोपंत राहिले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, असे परंपरा सांगते. कथा एकच, पण प्रत्येक वेळी मांडणीची अट वेगळी. एक निरोष्ठ रामायण. त्यात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच येऊ द्यायचे नाही. म्हणजे रामकथा सांगायची आणि 'राम' हे नाव मात्र उच्चारायचे नाही! अट बदलली की सृष्टी बदलते, हे आमच्या शेजारच्या गावातल्या कवीला अडीचशे वर्षांपूर्वी कळले होते.

पुढे विज्ञानानेही तसाच विचार मांडला. 1957 साली ह्यू एव्हरेट या अमेरिकन तरुणाने प्रिन्स्टनच्या प्रबंधात असे मांडले की, सूक्ष्म कणाच्या बाबतीत जितक्या शक्यता असतात त्यांपैकी एकच खरी होते आणि बाकीच्या पुसल्या जातात असे मानायची गरज नाही. सगळ्याच शक्यता आपापल्या शाखेत चालू राहतात. हे अजून सिद्ध झालेले नाही आणि सिद्ध कसे करायचे यावरच शास्त्रज्ञांत वाद आहे. पण लेखकाला दाखला पुरतो, दाखल्यावर सही-शिक्का लागत नाही. 2025 च्या मे महिन्यात आपल्यातून गेलेले जयंत नारळीकर यांनी याच कल्पनेवर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिली. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या जगात चुकते आणि हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास दुसऱ्या रस्त्याने जातो. ती कथा इंग्रजीतून अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेली. एका गोळीने जग फुटते, हे मराठी वाचकाने आनंदाने मान्य केले. मग आमच्या मुलीचा इब्राहिमखान नीरेकाठी आला, तर तो अशक्य कसा?

आणि इब्राहिमखानच का, हेही सांगितले पाहिजे. 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांचा तोफखाना त्याच्या हाती होता. तो लढला, जखमी झाला, पकडला गेला आणि अब्दालीच्या गोटात मारला गेला. पानिपत म्हणजे दोन धर्मांची लढाई, असे सोपे गणित मांडणाऱ्यांना हा माणूस अडचणीचा वाटतो. म्हणून तो एका ओळीत आटोपला जातो. त्याला दुसरे आयुष्य देणे हा आमच्या मुलीचा पोरखेळ नव्हता. एका ओळीत मेलेल्या माणसाला तिने पानभर जगू दिले.

दुसरा आक्षेप दीनचा आहे, म्हणून अदबीने बोलतो. 'जर'बद्दलची ती हदीस आम्हालाही ठाऊक आहे. तिचा रोख हळहळीवर आहे. संकट कोसळल्यावर 'मी असे केले असते तर' म्हणत कुढत बसू नये, तकदीर मान्य करून कामाला लागावे, असा तो सल्ला आहे. कल्पना करण्यावर ती बंदी कुठून आली? एकाहून अधिक ईश्वर असते तर जमीन-आसमानाची घडी विस्कटली असती, हा कुरआनातला युक्तिवाद 'जर'नेच सुरू होतो. आपण दिवसातून कितीदा तरी नमाजात सुरे-फातिहा म्हणतो, त्यात 'आलमीन' हा शब्द अनेकवचनी आहे. 1210 साली वारलेले इमाम फखरुद्दीन राझी यांनी याच शब्दाच्या भाष्यात या जगापलीकडे हजारो जगे निर्माण करण्याची अल्लाहची कुदरत मांडली. एव्हरेटच्या साडेसातशे वर्षे आधी!

आपल्याच मुलखातले उदाहरण हवे असेल तर मिर्झा गालिबचे घ्या. एकोणिसाव्या शतकात दिल्लीच्या उलेमांत वाद पेटला होता की, अल्लाह आखरी पैगंबरांसारखा दुसरा निर्माण करू शकतो की नाही. मौलाना फजले-हक खैराबादी यांनी गालिबला आपल्या बाजूने फारसी मसनवी लिहायला सांगितली. गालिबने लिहिली, पण कवीच तो! त्याने अशी वाट काढली की, या जगात दुसरा नाही, पण अल्लाह दुसरी जगे निर्माण करील तर त्या जगांनाही त्यांची रहमत लाभेल. मौलाना नाराज झाले आणि गालिबला ओळी बदलाव्या लागल्या. हा किस्सा हालींनी 'यादगारे-गालिब'मध्ये नोंदवला आहे. त्या वादात कोण बरोबर, हा निवाडा आमच्याकडे नाही. आम्ही एवढेच दाखवतो की, अनेक जगांची कल्पना आमच्या घरात पाहुणी नाही. ती आमच्या मदरशात वादली गेली आणि आमच्या शायरीत उतरली.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक, कारण तो हितचिंतकाच्या तोंडून येतो. 'तुमच्या घरातलं लिहा.' आम्ही लिहिलेच! 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते मोहल्ल्याचे दुःख मराठीत यावे म्हणूनच. ते लेखन आम्ही नाकारत नाही. पण दुःख हाच आमचा परवाना झाला तर? लेखिकेचे नाव वाचून कथेचा विषय ठरत असेल तर ती साहित्याची पारख नव्हे, चौकशी आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली. नावाच्या वजनाशिवाय कथा तरते का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांचे नाव वर उचलणारे होते, आमच्या मुलीचे नाव चौकटीत बसवणारे आहे. झाकायची वेळ दोघांवरही का यावी? रुकैया सखावत हुसैन यांनी 1905 साली 'सुलतानाज ड्रीम' लिहिले. त्या जगात पुरुष पडद्यात असतात आणि स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर कामे चालवतात. त्यांनाही कुणी म्हणाले असते, 'घरातलं लिही.' त्यांनी घरातलेच लिहिले होते, फक्त ते उलटे करून!

एक इशारा मात्र आम्ही आमच्याच माणसांना देतो. अनेक विश्वांच्या नावाखाली हल्ली पडद्यावर जे चालते त्यात मेलेला माणूस पुढच्या दारातून परत येतो आणि कशालाच किंमत उरत नाही. सगळेच कुठेतरी घडत असेल तर इथल्या अन्यायाची जबाबदारी कुणाची? अशी सुटका आम्हाला नको. दुसरे जग या जगाचा जाब विचारण्यासाठी हवे.

कारण जर-तरचा खेळ दुसऱ्या बाजूने कधीच सुरू झालेला आहे. 'हे लोक इथे आलेच नसते तर' या एका वाक्यावर भाषणे होतात, कादंबऱ्या लिहिल्या जातात. त्या कल्पित जगात आमच्यासाठी जागाच नाही. अशा 'जर'ला नुसत्या जनगणनेने आणि दाखल्यांनी उत्तर देता येत नाही. त्याला अधिक चांगला 'जर' लागतो.

आणि आम्हाला हे अवघड का जावे? घरात दखनी, अंगणात मराठी, मदरशात अरबी. दिवसातून दहादा उंबरठा ओलांडताना आम्ही एका जगातून दुसऱ्यात जातो आणि दोन्हीकडे तेच राहतो. जे आम्ही जगतो ते लिहायला भ्यायचे का?

त्या मुलीला या पानांवरून जाहीर सांगतो: बेटी, त्या दिवशी आम्ही चुकलो. पिशवीतला कागद काढ. आणि एक विनंती आहे. कारखान्यात इब्राहिमखान पहिली घागर कुणाच्या घरी पोहोचवतो, ते कथेत राहून गेले आहे. तेवढे लिही. आम्ही ऐकायला पुन्हा त्याच पडवीत येऊ.