खेड्यातील निवांतपणा

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत खेड्याचा विषय निघाला म्हणजे "तिकडचे आयुष्य कसे निवांत!" हा उद्गार ठरलेलाच. बोलणाऱ्याने पौषात कोणाच्या शेतावर हुरडा खाल्लेला असतो, दुपारी झाडाखाली बाजेवर ताणून दिलेली असते. त्या बाजेचा धनी त्या वेळी कोठे राबत होता, हा प्रश्न त्यास पडत नाही. हा समज निरुपद्रवी असता तर आम्ही त्यावर शाई खर्चिली नसती. परंतु जे श्रम दिसत नाहीत त्यांचे दामही कोणी देत नाही. म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

मेटकाफसाहेबांनी १८३० साली हिंदुस्थानातील खेड्यांस चिमुकली प्रजासत्ताके म्हटले. राज्ये बुडोत, खेडे आपले जागच्या जागी स्वस्थ! आम्हां इंग्रजी शिकलेल्यांनी हे चित्र शिरोधार्य मानले. वास्तविक जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता, त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गांव-गाडा' १९१५ साली निघाला होता, आणि दोन्ही मराठीतच होते. पण साहेबाचे चित्र दिवाणखान्यात अधिक शोभते.

माण-खटावाकडील एखादे गाव घ्या. तांबडे फुटण्यापूर्वी घरची बाई गोठ्यात शिरते. शेण काढणे, धार, वैरण, मग डेअरीवर दूध घालणे. तेथे फॅट कमी लागली की सगळ्या पहाटेची किंमत उतरली. पुढे पाणी, भाकऱ्या, पोरांची शाळा, आणि मग दिवसभर वाकून खुरपणी. जाते गेले, गिरणी आली, हे आम्ही जाणतो, गॅसही आला. पण सिलिंडर संपला व हाती पैसा नसला की चूल पेटतेच, आणि चुलीस सरपण लागते. सरकारी पाहणीनेच २०१९ साली हिशेब मांडला आहे: देशात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, तसे काम करणाऱ्या पुरुषांची ९७. खुरपणी या हिशेबात नाही, ती निराळी.

रात्र तरी शांत असेल? शेतीपंपांस वीज पाळीपाळीने मिळते, आणि रात्रपाळी आली की शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरावयास निघतो. एक वाफा भरला की दुसऱ्याचे दार फोडावयाचे, पाय चिखलात, आणि उसात काय दडले आहे ते देव जाणे; जुन्नराकडे तर बिबट्याची धास्ती निराळी. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर वाहिनीची योजना २०१७ साली निघाली. ती जेथे पोचली तेथील माणसांस विचारा, झोप म्हणजे काय ते सांगतील.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पारावर माणसे दिवसभर बसलेली आम्ही स्वतः पाहिली आहेत." बसतात खरी. पावसाची वाट, एसटीची वाट, तलाठ्याची वाट. कोरडवाहू शेतकऱ्याचा निम्मा जन्म वाट पाहण्यात जातो. त्यास विसावा म्हणणे म्हणजे कचेरीबाहेर ताटकळणाऱ्या उमेदवारास सुटी लागली असे म्हणण्यासारखे आहे! हीच पारावरची माणसे १९७२ च्या दुष्काळात बायकापोरांसह खडी फोडत होती. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्यांनी काम मागितले होते, आराम नव्हे.

आणि बीडकडील खेडी? दसरा-दिवाळी उलटली की तेथील कित्येक घरांस कुलूप लागते. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको पश्चिमेकडील कारखान्यांच्या फडांवर जातात. त्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात: दोन माणसे, आणि मोजणी एका हत्याराची. आजारपणाने खाडा झाला तरी पैसे कापले जातात. या मजूर स्त्रियांपैकी अनेकींनी ऐन तरुणपणी गर्भाशय काढून घेतल्याचे २०१९ साली उघडकीस आले, आणि सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या चहात साखर पडते ती अशा हातांतून येते. 'निवांत' हा शब्द त्या फडावर जाऊन, मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईस ऐकू जाईल अशा आवाजात, कोणी उच्चारून दाखवावा.