आवार बंद, पर्यावरणाचा पेपर चालू

पुण्याच्या विद्यापीठाकडे चारशे एकरांहून जास्त जमीन आहे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे त्याच्या दुप्पट. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या कॉलेजांकडेही पाच-दहा एकर सहज असतात. त्यात टेकाड असतं, ओढा असतो, माळ असतो, दोन पिढ्यांनी वाढवलेली झाडं असतात. आणि अशा आवारात तीन वर्षं काढून पदवी घेतलेल्या मुलाला शिरीष कोणता आणि सुबाभूळ कोणती हे सांगता येत नाही. यात मुलाचा काडीचाही दोष नाही. त्याला त्या जमिनीपासून लांब ठेवायची चोख व्यवस्था आपण प्राध्यापकांनी, प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी केली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पदवीच्या प्रत्येक शाखेला पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला, त्याला वीस वर्षं उलटून गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या पहिल्या अभ्यासक्रमात ५० तास होते. त्यातले ५ तास क्षेत्रकार्याचे, आणि १०० पैकी २५ गुण त्याच क्षेत्रकार्याला. ओढा बघा, टेकडीचा उतार बघा, आसपासची झाडं, किडे, पक्षी यांची नोंद करा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. प्रत्यक्षात काय झालं? कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प विकायला आले. मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोळा, आत नदीप्रदूषणावर वीस पानं, नाव आणि रोल नंबर तेवढा बदलायचा. मी असे गठ्ठे तपासले आहेत. एका फायलीतली शुद्धलेखनाची चूक पुढच्या सगळ्या फायलींत, त्याच पानावर, त्याच ओळीत. परत पाठवले की निरोप येतो, ‘सर, गुण भरून टाका, यादी वर पाठवायची आहे.’ ही फसवणूक आहे, आणि ती शिक्षकापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते. आवारातला सगळा पाला झाडून वसतिगृहाच्या मागे ढीग लावतात आणि पेटवतात. घनकचऱ्याच्या नियमांनी असा कचरा जाळायला बंदी आहे. तो धूर वर्गात येतो, खिडक्या लावून घेतल्या जातात, आणि आत फळ्यावर कर्बचक्राची आकृती काढली जाते. याचा मला मनापासून संताप येतो.

त्याच पाल्याचं काय करता येतं? कोंबड्यांच्या जाळीचा कमरेएवढा गोल पिंजरा उभा करा. एक थर पाला, त्यावर वसतिगृहाच्या मेसमधला भाजीचा कचरा, वर शेणकाला, पुन्हा पाला. नुसत्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र थोडं, म्हणून तो वर्षभर तसाच पडून राहतो. ओला कचरा आणि शेण मिसळलं की जिवाणू कामाला लागतात. पिंजरा भरून चार दिवसांनी आत हात घातला तर चटका बसतो. थर्मामीटर साठ अंशांच्या आसपास जातो. मग तो उतरू लागला की ढीग उलथायचा, ओल बघायची, पुन्हा झाकायचा. तीन-चार महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीच्या वासाचं खत हातात येतं. यात सूक्ष्मजीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी आपली संस्था दरवर्षी पोत्यांतून किती रुपयांचं खत विकत आणते आणि आपल्या पाल्यातून किती निघालं असतं, याचा ताळेबंद मांडावा. तो प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही.

पाण्याचंही तेच. एक हेक्टर छपरावर किंवा फरसबंदीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे हेक्टरी सत्तर लाख लिटर. आपण मात्र चांगली माती उकरून पेव्हर ब्लॉक बसवतो, ते पाणी गटारात घालतो आणि मे महिन्यात टँकर मागवतो. लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा जमिनीत ठोका, त्यात लिटरभर पाणी ओता आणि घड्याळ लावा: एकदा झाडाखाली, एकदा मैदानावर, एकदा जिथे गाड्या लागतात तिथे. पाणी मुरणं म्हणजे काय, ते मुलाला तासाभरात कळतं. शिवाजी विद्यापीठाने आपल्याच माळावरचं पावसाचं पाणी तलावांत आणि विहिरींत साठवून दाखवलं आहे. तेव्हा आपल्याकडे हे होत नाही, असं कोणी मला सांगू नये.

होतं काय, तर कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की पर्यावरणाचे गुण ज्यात येतात त्या निकषासाठी धावाधाव सुरू होते. भाड्याने कुंड्या येतात. झाडांच्या बुंध्यांत लोखंडी खिळे ठोकून नावांच्या पाट्या लावल्या जातात, आणि त्यांतली शास्त्रीय नावं चुकीची असतात. बाहेरची एजन्सी ग्रीन ऑडिट करून जाते. आवारातली झाडं मोजण्याचं, पाण्याच्या मीटरची नोंद ठेवण्याचं, कचरा तोलण्याचं जे काम विद्यार्थ्यांचं, ते पैसे देऊन परक्याकडून करून घ्यायचं आणि विद्यार्थ्याला लॉनवर पाय ठेवला म्हणून शिट्टी मारून हाकलायचं. त्या परदेशी गवताला रोज पाणी पाजतो आपण, उन्हाळ्यातसुद्धा.

मुलांना मातीत हात घालायला लावलं तर पालक तक्रार करतील, हे कारण प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतं. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, त्या महाराष्ट्रात हे कारण तोंडातून निघतंच कसं? ती योजना आजही चालू आहे. पण तिच्यातल्या मुलांना बऱ्याच ठिकाणी कार्यालयात फायली लावायला आणि पाकिटं चिकटवायला बसवतात. खरी अडचण पालकांची नाही. अंगमेहनतीबद्दल आपल्या शिकलेल्या वर्गाच्या मनात जो तुच्छभाव आहे, तो पालकांच्या नावावर खपवला जातो.

माझी मागणी साधी आहे. आवारातला एक तुकडा प्रत्येक वर्गाच्या नावावर करा, तीन वर्षांसाठी. त्याची माती, पाणी, झाडं, पाखरं यांची वही त्या वर्गाने ठेवावी, जाताना पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी, आणि क्षेत्रकार्याचे गुण त्या वहीवरच मिळावेत. शिकवायला कोण आहे, असं विचारू नका. कंत्राटावरच्या माळ्याला विचारा, कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं, धामण कुठल्या बांधात राहते, धनेशाची जोडी कोणत्या झाडाच्या ढोलीत घरटं करते. हे ज्ञान एकाही प्राध्यापकाकडे नाही, माझ्याकडेही नाही. त्याचं कंत्राट संपवून दरवर्षी नवा माणूस आणायचं बंद करा. त्याला वर्गासमोर उभं करा आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला जो दर देता, तोच दर त्याला द्या.