जकात : दान नव्हे, देणे

आपल्या व्यापारी समाजाला ‘जकात’ हा शब्द नव्याने शिकवावा लागत नाही. गावाच्या वेशीवरचा जकात नाका, तेथे खोळंबलेल्या मालमोटारी, पावती फाडणारा कारकून हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांनी पुरेपूर अनुभवले आहे. मुंबईत तर २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत जकात चालूच होती. फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आलेला हा शब्द मूळचा अरबी. आणि मूळ अर्थाने तो नाक्यावरचा कर नव्हे. शुद्ध होणे आणि वाढणे हे दोन्ही अर्थ त्याच्या धातूत आहेत. आपले मुस्लिम शेजारी रमजानच्या महिन्यात ज्या जकातीचा हिशेब मांडतात, ती ही मूळची जकात होय.

श्रद्धेची साक्ष, नमाज, जकात, रोजा आणि हज हे इस्लामचे पाच आधारस्तंभ. कुराणात नमाजाच्या जोडीने जकातीचा उल्लेख वारंवार येतो. इसवी सन ६३२ मध्ये मुहंमद पैगंबरांचे निधन झाल्यावर काही अरब टोळ्यांनी जकात देण्याचे नाकारले. नमाज पढू, पण जकात देणार नाही, अशी त्यांच्यातील काहींची भूमिका होती. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या मनाला हे पटणार नाही, आणि पटावे असा माझा आग्रहही नाही. परंतु ‘दानासाठी युद्ध?’ असा जो प्रश्न आपल्या मनात उमटतो, त्यातच आपली समजूत कोठे चुकते तेही कळते. जकातीला आपण दान समजतो. ती दान नव्हे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी दानाची व्याख्या केली आहे. अनुग्रहासाठी स्वतःच्या वस्तूचा केलेला त्याग म्हणजे दान, असा तिचा आशय. या व्याख्येतील ‘स्व’ हा शब्द महत्त्वाचा. जे माझे आहे तेच मी देऊ शकतो. जकातीच्या विचारात नेमका हा ‘स्व’ गळून पडतो. धनवानाच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा हक्क आहे, असे कुराण सांगते. म्हणजे चाळिसावा हिस्सा त्या धनवानाचा नव्हताच; तो परक्याचा माल सांभाळून होता. परक्याचा माल परत करणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही.

म्हणूनच येथे भावनेपेक्षा हिशेब मोठा. सराफी पेढीवर बसणाऱ्या आपल्या बांधवांना रमजानमधील एक गिऱ्हाईक ओळखीचे असेल. ते येते, सोन्याचा आणि चांदीचा त्या दिवसाचा भाव विचारते, कागदावर टिपून घेते आणि काही न घेता निघून जाते. जकात कोणावर लागू होते याची किमान मर्यादा, जिला ‘निसाब’ म्हणतात, ती भारतात साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी धरली जाते. इतकी मालमत्ता एखाद्याकडे चांद्रवर्षभर टिकली की तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, देणे झाले. पैगंबरांच्या काळी वीस दिनार सोने आणि दोनशे दिरहम चांदी यांचे मोल जवळपास सारखे होते. आज सोन्याची मर्यादा चांदीच्या कितीतरी पटींनी वर गेली आहे. मग रोकड बाळगणाऱ्याने कोणते माप लावावे? अनेक उलेमा चांदीचे माप लावावयास सांगतात, कारण त्यात देणाऱ्यांची संख्या वाढते आणि गरिबाचा लाभ होतो. वर्ष कोणत्याही महिन्यात पुरे होऊ शकते. पुण्य अधिक म्हणून बहुतेक जण रमजान निवडतात.

दुकानदाराने विक्रीचा माल चालू बाजारभावाने मोजावयाचा. समजा माल आठ लाखांचा, रोकड दोन लाख, आणि लोकांचे देणे तीन लाख आहे. हनफी मतानुसार देणे वजा जाता सात लाख राहिले. जकात १७,५०० रुपये. राहते घर, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारे यांवर काही नाही. यंदा नफा झाला की तोटा, हेही कोणी विचारीत नाही. शेतीच्या उत्पन्नाचा नियम वेगळा आहे आणि सांगली-कोल्हापूरकडील आपल्या शेतकरी वाचकांना तो विशेष भावेल. निव्वळ पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, पाणी ओढून-उपसून पिकविले तर विसावा. घामाला अर्धी सूट!

दागिन्यांच्या प्रश्नावर मात्र शास्त्रकारांचे एकमत नाही. हनफी मताप्रमाणे स्त्रीच्या अंगावरील सोन्यावरही जकात आहे. शाफई मताप्रमाणे नेहमीच्या वापरातील दागिन्यांवर ती नाही. आपल्या कोकणातील मुसलमान प्रामुख्याने शाफई, तर महाराष्ट्राच्या इतर भागांतील बहुतांश हनफी. तेव्हा रत्नागिरीची सून आणि सोलापूरची सून सारख्याच वजनाच्या पाटल्या घालूनही वेगवेगळा हिशेब मांडतील. सोने मात्र तिचे, म्हणून जबाबदारीही तिचीच, पतीची नव्हे.

द्यावयाचे कोणाला? कुराणाने आठ वर्ग सांगितले आहेत. त्यांत फकीर, अतिगरीब, कर्जबाजारी, अडलेला प्रवासी, गुलामगिरीतून सुटू पाहणारा हे येतात. आई-वडील, मुले-नातवंडे यांना जकात चालत नाही, कारण त्यांना पोसणे हे कर्तव्यच आहे. गरजू भाऊ, बहीण, मावशी यांना मात्र चालते, किंबहुना अगोदर त्यांनाच पाहावे असे म्हणतात. आणि हनफी शास्त्राची एक अट मला फार विचार करावयास लावते : जकात माणसाच्या मालकीत गेली पाहिजे. म्हणून त्या पैशातून मशीद बांधता येत नाही. त्यासाठी ऐच्छिक दान वेगळे, वक्फ वेगळा. ज्या दानावर संगमरवरी पाटी लावता येईल, ते जकातीत बसतच नाही. आपल्याकडे चढाव्यांच्या बोली रंगतात, धर्मशाळेच्या पायरीपायरीवर नावे असतात; त्यांतून मंदिरे उभी राहिली, विद्यार्थिवसतिगृहे चालली, हे मी विसरत नाही. पण त्याच मंदिराच्या मागच्या गल्लीतील विधवा साधर्मिक भगिनीला मुलाच्या शुल्कासाठी अर्ज लिहून विश्वस्तांपुढे उभे राहावे लागते, तेव्हा ती याचक ठरते. जकात घेणारा याचक नसतो, तो हक्कदार असतो. ही जकात आहे असे त्याला सांगण्याचीही गरज नाही. मुलांच्या कपड्यांसाठी म्हणून दिले तरी देणाऱ्याचा हेतू मनात असला की पुरे.

बहुसंख्य शास्त्रकारांच्या मते जकात मुस्लिम गरजूंपुरतीच आहे, हे काही वाचकांना खटकेल. ऐच्छिक ‘सदका’ कोणालाही देता येतो, हे त्यांनी लक्षात घ्यावे. शिवाय आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी सांगितलेल्या दत्तींमध्ये दयादत्ती सर्व प्राण्यांसाठी असली, तरी समदत्ती ही समानधर्मीयासाठीच आहे.

पाकिस्तानात १९८० च्या कायद्याने बँकेतील ठेवींतून सरकार परस्पर जकात कापू लागले. शिया समाजाने तीव्र विरोध केला आणि त्यांना सूट मिळाली. रमजानच्या तोंडावर ठेवी काढून घेणारे लोकही निघाले. भारतात असा कायदा नाही. येथे हिशेब तपासणारा दुसरा कोणी नसतो. वर्ष भरत आले की मालमत्ता पत्नीच्या नावे करून मुदत मोडावी, अशा युक्त्या जुन्या काळीही होत्या. नवव्या शतकातील हदीस-संग्राहक इमाम बुखारी यांनी आपल्या ग्रंथात अशा युक्त्यांवर एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे.

आणि देणे राहून गेले तर? शाफई मताप्रमाणे मृताच्या मालमत्तेतून आधी थकलेली जकात फेडावयाची, मग वारसांची वाटणी. हनफी मताप्रमाणे मृताने तसे सांगून ठेवले असेल तरच, आणि तेही मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या मर्यादेत. म्हणून जुने हनफी व्यापारी थकलेल्या जकातीची रक्कम मृत्युपत्रात लिहून ठेवतात, इतर देण्यांच्या यादीतच.