धारला मतदान, देवासला प्रशासक

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची नगरे. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात 1948 पर्यंत नांदल्या. ती संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि 1956 साली मध्य प्रदेशात आली. आज दोन्ही गावांस निवडणुकीचा कायदा एक, राज्य निवडणूक आयोग एक आणि जिल्हा निवडणूक कचेरीचा साचाही एकच. दोन राजांची राजवट संपून पाऊणशे वर्षे लोटली. मग या दोन गावांच्या नागरिकांस दोन निराळे न्याय का मिळावेत?

धार नगरपालिकेचे मतदान जानेवारी 2018 मध्ये झाले. पाच वर्षे भरताच, 20 जानेवारी 2023 रोजी, तेथे पुन्हा मतदान झाले. देवास महानगरपालिकेची मुदत 2020 च्या आरंभी संपली; मतदान मात्र 13 जुलै 2022 रोजी! मधली दोन वर्षे आणि वर काही महिने देवासकरांच्या गटारांचा, दिव्यांचा आणि घरपट्टीचा कारभार ज्याला कोणी मत दिले नाही अशा प्रशासकाने हाकला.

सरकारपक्षाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे: कोरोनाची साथ होती. साथ होती हे आम्ही नाकारीत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात मतदान घ्या असे कोणी शहाणा म्हणालाही नसता. परंतु त्याच वर्षी 3 नोव्हेंबर रोजी मध्य प्रदेशात विधानसभेच्या 28 जागांची पोटनिवडणूक झाली, आणि त्यांत देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या आणि धार जिल्ह्यातील बदनावर या जागा होत्या. जिल्हाधिकारी कचेरी तीच आणि मतदान केंद्रांवर बसणारे शिक्षक व पटवारीही त्याच जिल्ह्याचे. रोगही तोच होता! आमदार निवडताना ज्या साथीला आवर घालता आला, ती नगरसेवक निवडताना अनावर झाली काय? ज्या आमदारांवर भोपाळचे मंत्रिमंडळ तगावयाचे होते त्यांच्यासाठी यंत्रणा धावली, आणि देवासच्या नगरसेवकांवर कोणाचीच खुर्ची अवलंबून नव्हती, म्हणून ती निजून राहिली, असाच याचा अर्थ आम्ही करतो.

जिल्ह्याच्या कचेरीस दोष देणे सोपे आहे. आम्ही तो अर्धाच देतो. राज्य निवडणूक आयोगाला घटनेने अधिकार दिले, हातपाय दिले नाहीत. मतदार यादी, केंद्रे, यंत्रे, मोजणी, सारे जिल्हाधिकाऱ्याच्या हातून करून घ्यावयाचे; आणि तो जिल्हाधिकारी वर्षभर सरकारचा चाकर. त्यातही प्रभागांच्या सीमा आणि राखीव जागा ठरविण्याची किल्ली सरकारच्याच कमरेला. ती फिरेपर्यंत आयोगाने तारीख जाहीर करावी तरी कशी? डिसेंबर 2021 मध्ये मध्य प्रदेशातील पंचायतींची निवडणूक जाहीर झाली, खेड्यापाड्यांत उमेदवारी अर्जही भरले गेले, आणि सरकारने आपला अध्यादेश मागे घेताच 28 डिसेंबरला सारी निवडणूक रद्द झाली. अर्ज भरणाऱ्या गरीब माणसाचा वेळ आणि पैसा कोणाच्या खाती मांडावयाचा?

अखेर 10 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, प्रभाग रचनेची सबब सांगून निवडणूक थांबविता येणार नाही. दोन आठवड्यांत अधिसूचना काढा. त्या वेळी मध्य प्रदेशातील 23,263 स्थानिक संस्था लोकप्रतिनिधींवाचून चालल्या होत्या. आदेश सुटला आणि दोन वर्षे न जमलेले काम दोन महिन्यांत जमले!

बेळगावकरांनो, हे वाचून माळव्याची कीव करू नका. आपल्या महानगरपालिकेची मुदत मार्च 2019 मध्ये संपली आणि मतदान 3 सप्टेंबर 2021 ला झाले. निवडून आलेल्यांना महापौर निवडावयास 2023 चा फेब्रुवारी उजाडला. सभागृहाविना नगरसेवक, ही तर देवासलाही न सुचलेली युक्ती! आणि ज्या मुंबई-पुण्याकडे आपण आशेने पाहतो, तेथील महानगरपालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपूनही सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी दटावेपर्यंत निवडणुकीची हालचाल नव्हती. आपल्या माणसांचे राज्य असले म्हणून हे पाप धुऊन निघत नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो.

आमची मागणी सरळ आहे. प्रभाग रचना आणि आरक्षण आयोगाच्या स्वाधीन करा, आणि मुदत संपण्यापूर्वी सहा महिने या दोहोंचे काम पुरे झालेच पाहिजे असा कायदा करा.

घटना पाच वर्षे पहिल्या सभेपासून मोजते. त्या हिशेबाने बेळगावच्या सभागृहाची मुदत 2028 च्या आरंभी संपेल. प्रभागांच्या सीमांचे काम कोणत्या तारखेस हाती घेणार, हे प्रत्येक प्रभागातील नागरिकांनी जिल्हाधिकारी कचेरीस आजच लेखी विचारावे, आणि आलेले उत्तर आमच्याकडे धाडावे. आम्ही ते याच पानावर छापू; न आले तर तेही छापू.