साथ ओसरली, हिशेब बाकी

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली कोविड-१९ची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. विषाणू मात्र माणसांत वावरतच राहिला. डिसेंबर २०२३मध्ये जेएन.१ या उपप्रकाराचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सिंधुदुर्गात सापडला, २०२५च्या मे-जून महिन्यांत मुंबई-पुण्यातल्या रुग्णांचे आकडे पुन्हा वर्तमानपत्रांत येऊ लागले, आणि तरीही ना लोकल थांबली, ना शाळांचे नवे वर्ष लांबणीवर पडले. लसीकरण आणि आधी होऊन गेलेला संसर्ग यांमुळे बहुसंख्य लोकांच्या शरीरात जी प्रतिकारक्षमता तयार झाली, तिच्यामुळे हे शक्य झाले, ही निःसंशय समाधानाची गोष्ट आहे. परंतु साथीवरचा खर्च सरकारी अर्थसंकल्पांतून जसजसा उतरत गेला, तसतसा संसर्गासोबत जगण्याचा खर्च कुटुंबांच्या शिरावर चढत गेला, आणि हे दोन्ही खर्च शेजारी ठेवून पाहणारी चर्चा महाराष्ट्रात जवळजवळ झालीच नाही. जी झाली ती सरकारने किती कोटी दिले आणि कोणी किती कोटी खाल्ले, या दोनच प्रश्नांभोवती फिरली. या दिवाळी अंकाच्या आरंभी तो राहिलेला हिशेब मांडणे आवश्यक वाटते.

दिलेल्या कोटींपासून सुरुवात करायची, तर १२ मे २०२० रोजी जाहीर झालेले २० लाख कोटी रुपयांचे 'आत्मनिर्भर भारत' पॅकेज हा त्यातला सर्वांत मोठा आकडा होय, आणि तो देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे १० टक्के असल्याचे सांगितले गेले. त्यातील सुमारे ८ लाख कोटी रुपये रिझर्व्ह बँकेने बँकांना उपलब्ध करून दिलेल्या रोकडीचे होते, आणि ३ लाख कोटी लघु व मध्यम उद्योगांच्या कर्जांना दिलेल्या पतहमीचे होते. पतहमी म्हणजे कर्जदाराने कर्ज बुडवले तर ते सरकार फेडेल, असे बँकेला दिलेले वचन. ते उपयोगी असते, पण ते दिल्याच्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही बाहेर पडत नाही. तेव्हा जाहीर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम यांत मोठे अंतर होते, आणि ते अंतर न सांगता केलेली स्तुती जितकी पोकळ, तितकीच 'काहीच दिले नाही' ही टीकाही अन्यायाची. कारण एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात, मधले काही महिने वगळता, सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले, आणि २०२०-२१च्या अर्थसंकल्पात रोजगार हमीसाठी ठेवलेल्या ६१,५०० कोटींत आणखी ४०,००० कोटींची भर घालण्यात आली. शहरांतून चालत गावी परतलेल्या लाखो मजुरांना या दोन गोष्टींनी तारले. त्या दोन्हींसाठी लागणारी यंत्रणा, म्हणजे रेशन दुकान आणि रोजगार हमीचा कायदा, साथीच्या कितीतरी आधीपासून उभी होती. त्यातही रोजगार हमीचा पाया महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात घातला होता. जुन्या यंत्रणेवर केलेला खर्च गरजूंपर्यंत पोचला, हा साथीच्या अर्थकारणाचा पहिला धडा आहे आणि त्याची दखल फारच थोड्यांनी घेतली.

राज्याची स्थिती याहून अवघड होती. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्राच्या वित्त विभागाने सर्व खात्यांना वार्षिक तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल, नवी कामे सुरू होणार नाहीत आणि आरोग्याशी संबंधित विभाग वगळता नवी भरती होणार नाही, असा निर्णय जारी केला. वस्तू व सेवा कर लागू करताना राज्यांच्या महसुलात वर्षाला १४ टक्के वाढ गृहीत धरून पाच वर्षे तूट भरून देण्याचे वचन केंद्राने दिले होते. टाळेबंदीत कर आटल्यावर ही भरपाई द्यायची कोणी, यावर अनेक महिने वाद चालला, आणि अखेर केंद्राने २०२०-२१मध्ये १ लाख १० हजार कोटी आणि पुढच्या वर्षी १ लाख ५९ हजार कोटी रुपये कर्जाऊ उभे करून राज्यांना दिले. ते कर्ज फेडण्यासाठी भरपाई उपकराची मुदत वाढवावी लागली. साथीत राज्यांना मिळालेली मदत ग्राहक पुढची कित्येक वर्षे खरेदीच्या पावतीवर फेडत राहिला, ही गोष्ट राज्यातल्या राजकीय भाषणांत क्वचितच ऐकू आली.

खर्चाच्या चर्चेत आणखी एक बाजू सुटते, ती म्हणजे सरकारने फार पैसे न घालता, केवळ अधिकार वापरून वाचवलेला नागरिकांचा खर्च. मार्च २०२०मध्ये खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीला, म्हणजे नाका-घशातील स्रावात विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, ४,५०० रुपये पडत. महाराष्ट्र सरकारने ती किंमत जून २०२०मध्ये २,२०० रुपयांवर, ऑक्टोबरमध्ये ९८० रुपयांवर आणि मार्च २०२१मध्ये ५०० रुपयांवर आणली. २१ मे २०२०च्या आदेशाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले गेले: साध्या कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना त्याच सुमारास शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता सर्वांसाठी खुली झाली. या आदेशांची अंमलबजावणी सर्वत्र सारखी झाली नाही आणि अवाच्या सवा बिलांच्या तक्रारी अखेरपर्यंत येत राहिल्या. तरीही खासगी वैद्यकाच्या दरांवर सरकारला हात घालता येतो, हे या राज्यात प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले, आणि साथ ओसरताच तो हात सरकारने स्वतःहून काढून घेतला. ही माघार मोठी चूक होती.

लशीच्या बाबतीत याउलट घडले. केंद्राने २०२१-२२च्या अर्थसंकल्पात लसीकरणासाठी ३५,००० कोटी रुपये राखून ठेवले असतानाही १ मे २०२१पासून १८ ते ४४ वयोगटाची खरेदी राज्यांवर आणि खासगी रुग्णालयांवर सोपवली, त्यामुळे पुण्यात तयार होणारी कोविशील्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३०० रुपयांना आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांना मिळू लागली. महाराष्ट्राने या वयोगटाला मोफत लस देण्यासाठी सुमारे ६,५०० कोटींची तयारी केली, मुंबई महापालिकेने १ कोटी मात्रांसाठी जागतिक पातळीवर निविदा मागवल्या. पण पात्र पुरवठादारच पुढे आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत ठरवून ३५,००० कोटींचा हिशेब मागितला, आणि २१ जूनपासून राज्यांची खरेदी पुन्हा केंद्राकडे आली. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात गेलेले ते आठवडे कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाहीत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे कोणी किती कोटी खाल्ले याकडे, वळता येईल. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगाव, मुलुंड, दहिसर, वरळी आणि पुण्यातले अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मैदान येथे उभारलेल्या जम्बो कोविड केंद्रांनी हजारो रुग्णांना खाट दिली, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्यांच्या कंत्राटांविषयी, औषधांच्या आणि इतर साहित्याच्या दरांविषयी पुढे चौकशा आणि खटले उभे राहिले. त्यांचा निकाल न्यायालये देतील. निकालाची वाट न पाहता बोलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. राज्य सरकारच्या विनंतीवरून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या घटनात्मक अधिकाऱ्यांनी, मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांची विशेष तपासणी केली आणि तिचा अहवाल मार्च २०२३मध्ये विधिमंडळात मांडला गेला; त्यातून कोविडवरील सुमारे ३,५०० कोटींचा खर्च मात्र बाहेर राहिला, कारण साथरोग अधिनियमाचा आधार घेऊन महापालिकेने ती तपासणी नाकारली. हा अधिनियम १८९७चा, मुंबईतल्या प्लेगच्या धास्तीने घाईघाईत केलेला. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही, असे त्याचे चौथे कलम सांगते. रुग्णाला विलगीकरणात नेणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारे हे कलम हिशेबाच्या वह्या झाकण्यासाठी पुढे केले जावे, हे लोकशाही राज्याला शोभणारे नाही. संकटात निविदेविना खरेदी करावी लागते, हे मान्यच आहे, आणि नेमके म्हणूनच त्या खरेदीची नंतरची तपासणी अधिक कसून व्हायला हवी. हीच अपेक्षा साथीसाठी देणग्यांतून उभारलेल्या पीएम केअर्स निधीकडूनही आहे, ज्याला माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले.

प्लेगचा उल्लेख आला आहे तर त्या साथीने मुंबईत काय मागे ठेवले, हेही पाहावे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला; दोन वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, ज्याच्या योजनांतून प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती आल्या, आणि डॉ. हाफकिन यांच्या लशीसाठी सुरू झालेली प्रयोगशाळा १८९९मध्ये परळला हलून पुढे हाफकिन संस्था म्हणून नावारूपाला आली. ट्रस्टने पाडलेल्या चाळींतल्या गरिबांना त्या वसाहतींत जागा मिळाली नाही आणि प्लेगप्रतिबंधक उपायांच्या अंमलबजावणीत पुण्यात झालेला जुलूम तर सर्वश्रुत आहे, तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. पण रस्ता, वसाहत आणि प्रयोगशाळा मागे उरली. कोविडच्या खर्चातून असे काय उरले? त्याच हाफकिनच्या जैव-औषध महामंडळाला २०२१मध्ये कोव्हॅक्सिनच्या उत्पादनासाठी केंद्राने ६५ कोटी आणि राज्याने ९४ कोटी मंजूर केले, पण त्या लशीचा उपयोग होण्याआधीच साथ ओसरली. हवेतील नायट्रोजन शोषून प्राणवायू वेगळा करणारी, पीएसए नावाने ओळखली जाणारी १,२२४ संयंत्रे देशभर पीएम केअर्समधून मंजूर झाली. अशी संयंत्रे चालू ठेवायची तर तंत्रज्ञ, अखंड वीज आणि दरवर्षीचा दुरुस्तीखर्च लागतो, आणि अशा खर्चाचे उद्घाटन करता येत नसल्यामुळे त्याला वाली नसतो. २०२१च्या दिवाळीत, ६ नोव्हेंबर रोजी, ऐन भाऊबीजेला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोविडसाठी नव्याने बांधलेल्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. ऑक्टोबर २०२३च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात बालके होती, आणि औषधे व मनुष्यबळ यांच्या तुटवड्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून हाती घ्यावा लागला. साथीवर कोट्यवधी खर्च केलेल्या राज्यातली ही रुग्णालये आहेत.

माणसांवरचा खर्च तर सर्वांत अनिच्छेने झाला. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत दारोदार जाऊन तापमान आणि प्राणवायूची पातळी मोजणाऱ्या राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविकांना जून २०२१मध्ये संपावर जावे लागले, तेव्हा कुठे मासिक १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला.

मृत्यूंचा हिशेबही खर्चानेच उघडा पाडला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१च्या निर्णयानंतर प्रत्येक कोविड-मृत्यूमागे ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य, म्हणजे हक्क म्हणून नव्हे तर सहानुभूती म्हणून दिली जाणारी रक्कम, राज्य आपत्ती निधीतून देण्याचे ठरले. जानेवारी २०२२पर्यंत महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि अर्ज २ लाखांहून अधिक आले होते. काही अर्ज अपात्र असतील, पण दैनंदिन पत्रकांत जी माणसे मोजली गेली नव्हती, त्यांतली अनेक या अर्जांतून पुढे आली. नागरी नोंदणीचे मे २०२५मध्ये प्रसिद्ध झालेले आकडेही तेच सांगतात: देशात २०१९मध्ये सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२०मध्ये ८१ लाख आणि २०२१मध्ये १ कोटी २ लाख. नोंदणीत झालेली सुधारणा या वाढीला अंशतः कारणीभूत असू शकते; पण एका वर्षातली सुमारे २१ लाखांची वाढ देशाच्या सुमारे ५ लाख ३३ हजार या अधिकृत कोविड-मृत्यूंच्या आकड्यात मावत नाही. जे मृत्यू कोविडचे म्हणून लिहिलेच गेले नाहीत, त्यांच्या विधवांना आणि मुलांना साहाय्याचे दारही उघडले नाही.

आणि जे वाचले, त्यांतले सगळे पूर्ववत झाले असे नाही. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे, म्हणजे थकवा, धाप, विसराळूपणा, यांची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१मध्ये दीर्घ कोविड अशी व्याख्या केली. नोकरदाराला अशा अवस्थेत रजा मिळू शकते. हमालाला, घरकाम करणाऱ्या बाईला किंवा रिक्षाचालकाला अर्धा दिवस बसावे लागले तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. तपासण्या, औषधे आणि बुडालेली मजुरी असा हा तिहेरी खर्च आज कोणत्याही सरकारी शीर्षाखाली नोंदला जात नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५पर्यंत सकल उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. साथीच्या ऐन भरातल्या २०२१-२२मध्येही तो १.८४ टक्केच होता. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांनी अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी असे सुचवले, आणि महाराष्ट्र त्या पातळीच्या बराच खाली आहे. त्याच आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी ७०,०५१ कोटींचे अनुदान पाच वर्षांसाठी दिले होते, त्याची मुदत ३१ मार्च २०२६पर्यंतच होती. त्यानंतर उपकेंद्रांचा आणि शहरांतल्या वस्ती-दवाखान्यांचा हा खर्च राज्य कोणत्या तरतुदीतून करणार, आणि दीर्घ कोविडच्या रुग्णाला त्या दवाखान्यात तपासणी व औषध मिळणार की नाही, याचे उत्तर अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारांनी सरकारकडून आकड्यांसह घेतले पाहिजे.