परसात पिकवा, पानात वाढा

मृग तोंडावर आला की शेतातल्या पेरणीची घाई सुरू होते आणि घरामागचा परस तसाच राहून जातो. शिरोली एमआयडीसीच्या आसपास तर घरचा एकजण फाउंड्रीत पाळीला आणि दुसरा उसाच्या रानात, असा कितीतरी घरांचा संसार. रान उसाचे असले तरी कोथिंबिरीची पेंडी विकतच येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पुराच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा विकतच्या भाजीवरचे घर कसे अडते ते सगळ्यांनीच पाहिले.

माणशी रोज निदान ४०० ग्रॅम भाजीपाला व फळे पोटात जावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घरी दोन किलो. एवढे सगळे परसातून निघणार नाही. पण रोजच्या जेवणाला मोठा हातभार लागेल. राज्याच्या उमेद अभियानाने २०२० साली ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम घेतली ती याचसाठी.

मात्र बी टाकण्याआधी माती पाहा. फाउंड्रीतली वापरून टाकलेली काळी वाळू खड्डे बुजवायला आणली असेल, तर त्या जागी भाजी लावू नका. त्या वाळूत रसायने व धातूंचा अंश असू शकतो. कारखान्याची राख वाफ्यात घालू नका आणि रसायनांचे रिकामे डबे कुंडी म्हणून वापरू नका. शंका असेल तर तळसंदे किंवा कणेरी येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. नेहमीच्या माती परीक्षणात शिशासारखे धातू कळत नाहीत, म्हणून ते वेगळे विचारून घ्या. तोवर शेतातली चांगली माती आणि शेणखत पोत्यांत भरून त्यात लागवड करा. रस्त्याकडेच्या परसात पालेभाजीपेक्षा दोडका, भेंडी अशा फळभाज्या बऱ्या. पानांवर धूळ जास्त बसते.

आता आखणी. वीस फूट लांब, दहा फूट रुंद अशी उन्हाची जागा घ्या. लांबी दक्षिणोत्तर ठेवा. तीन फूट रुंदीचे चार वाफे आडवे पाडा, मध्ये दीड फुटाची वाट ठेवा. दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफा तुडवला जात नाही. आपल्याकडचा पाऊस पाहता वाफे सहा ते नऊ इंच उंच करा. उत्तरेला साडेतीन फूट उरतात, तिथे कारले, दोडका, दुधीचा मांडव घाला. त्याची सावली वाफ्यांवर फारशी पडणार नाही.

पहिल्या वाफ्यात पालेभाजी, दुसऱ्यात वांगी-मिरची, तिसऱ्यात गवार, चवळी, घेवडा, चौथ्यात मुळा-गाजर. पुढच्या हंगामाला जागा बदला. वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली. त्याच वाफ्यात पुन्हा लावली तर रोग मागे लागतो. शेंगांच्या मुळांवरच्या गाठींनी जमिनीला नत्र मिळते, तेव्हा त्यांच्यामागून पालेभाजी घ्या.

पालेभाजीचा वाफा एकदम पेरू नका. त्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एकेक पेरा. मेथी महिनाभरात काढायला येते, तोवर पुढचा भाग वाढीला लागलेला असतो. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा घ्या. मेथी, पालक, गाजर थंडीकडे चांगली येतात.

बांधाला एक शेवगा आणि मोरीजवळ अळू हवेच. लाल भोपळा पक्का झाल्यावर काढला तर घरात महिनोन्‌महिने टिकतो. वाट बंद झाली तरी चूल अडत नाही. पण पुराचे पाणी परसात शिरलेच, तर त्यात बुडालेली भाजी खाऊ नका. काढून टाका आणि माती सुकल्यावर नव्याने पेरा.

या रविवारी दोरी आणि चार खुंट्या घेऊन आखणी तेवढी उरकून टाका. बियाणे घरात कसे धरावे, ते पुढच्या अंकी पाहू.