*मोटारीला नवा दोर, माणसाला जुना?*

बोअरमध्ये मोटार सोडताना आपण दुकानातून नवा दोर आणतो. मोटार महाग आहे, दोर तुटला तर नुकसान. पण बांधावरची चिंच झोडायला सालदार चढतो, तेव्हा त्याच्या कमरेला काय असतं? जुना कासरा, नाहीतर भंगारातल्या गाडीचा सीट बेल्ट शिवून केलेला पट्टा. हे बरोबर नाही.

मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात. झाडाला पट्ट्याने टांगून बसतात, त्याला 'सॅडल' म्हणतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तो विषयच नाही. पण रानडुकरांपासून मका राखायला कुणी घरीच तसा पट्टा शिवत असेल, तर थांबा. राखणीला जमिनीत पक्के रोवलेल्या खांबांचा, कठडा असलेला माळाच बरा.

जुगाडाला माझा विरोध नाही. फवारणी पंपाचा जुगाड फसला तर काम थांबतं. माणूस टांगलेला पट्टा तुटला तर घर थांबतं.

*घरच्या पट्ट्यात काय चुकतं?*
▪ उन्हात पडलेला नायलॉनचा दोर वरून धड दिसतो, आतून कमजोर झालेला असतो.
▪ गाठ मारली की तिथे दोराची ताकद बरीच कमी होते.
▪ पट्टा मजबूत असला तरी साध्या दोऱ्याची शिलाई आधी उसवते.
▪ नुसता कमरेचा पट्टा पडताना पोट, बरगड्या आणि मणक्याला झटका देतो.
▪ दोर जितका ढिला, तितका झटका मोठा.

*मग करायचं काय?*
▪ आकडीच्या बांबूने किंवा झेल्याने जेवढं खालून निघेल तेवढं खालूनच काढा.
▪ चढावंच लागलं तर आयएस 3521 मार्क असलेला, मांड्या-छाती-खांद्यांना धरणारा पूर्ण हार्नेस वापरा. दोर डोक्याच्या वर, जाड जिवंत फांदीला बांधा.
▪ जांभूळ, शेवग्याच्या फांदीवर भरवसा नको.
▪ खाली एक माणूस हवाच. कुणी पडलं तर ओढू-उचलू नका, 108 ला फोन लावा.

कुणी म्हणेल, सरकारची योजना आहे ना. आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. झाडावर चढणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त धोका ज्याला, त्याच्या घरच्यांच्या हातात काहीच नाही. म्हणून त्याची जबाबदारी झाडाच्या मालकाची, म्हणजे आपलीच.

माझं मत स्पष्ट आहे. आपण अवजारं भाड्याने देतो, तसे कंपनीने दोन-तीन चांगले हार्नेसही ठेवावेत. एकेकट्याला परवडणार नाही, सगळ्यांना मिळून परवडेल. पुढच्या सभेत हा विषय मांडणार आहे. पटत असेल तर सभेला या, नसेल पटत तरी या आणि बोला.

तोपर्यंत घरातला जुना पट्टा आजच कापून टाका. ठेवला तर कुणीतरी वापरेलच.

– सभासद सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी